मोडेम आणि ऑप्शन फॉर्म

१ एप्रिल, रविवार
मोडेम आला. ह्यांनी भोपाळहून एका सहकाऱ्याबरोबर पाठवला, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून. काळी डबी, समोर पाच दिवे. दिवाळीत ह्यांनीच आणून ठेवलेला सेकंडहँड कॉम्प्युटर चादरीखाली पडून होता, त्याला आता काम मिळेल. ह्यांच्या शाखेत नेट आलंय. म्हणतात, घरी घे, मग पत्र मिनिटात पोचतं. ऑफिसच्या फोनवर समोर साहेब बसलेले असतात, त्यामुळे आमचं बोलणं म्हणजे हो, बरं, ठेवतो. आठ वर्षं असाच संसार. मी आणि मीनू रायपूरला, हे भोपाळला.

मीनूची अकरावीची परीक्षा संपलीय, दिवसभर घरीच असते. डबीकडे बघून म्हणाली, "मम्मी, इस कंप्यूटर पे नेट चलेगा ही नहीं." मराठीत विचारा, हिंदीत उत्तर. मी म्हटलं, चालवून दाखवते.

३ एप्रिल, मंगळ.
ऑफिसातून आल्यावर जोडणी. कूलर आणि कॉम्प्युटर एकदम लावले की व्होल्टेज पडतं, म्हणून कूलर बंद. घामानं मोडेमच्या माहितीपुस्तकाची पानं चिकटली. दिवे लागले. डायल केलं की पडद्यावर येतं, डायल टोन नाही. रिसीव्हर उचलला तर टोन खणखणीत. सात वेळा केलं. सात वेळा तेच. डोकं फिरलं.

ऑफिसात दुसरा विषय नाही. मध्यप्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं, आता कर्मचारी वाटले जाणार, कोण इकडे, कोण तिकडे. पूर्वी एकच राज्य होतं, बदलीसाठी दरवर्षी अर्ज करता यायचा. आता यादी एकदा पक्की झाली की भोपाळहून रायपूरला बदली विसरा. आमच्यापुरती मी निश्चिंत आहे. कोणतं राज्य हवं ते कळवायचे दोघांचे ऑप्शन फॉर्म मीच टाइप केले, दोन्हींत छत्तीसगड. ह्यांचा फक्त सहीसाठी पाठवला. एक खाडाखोड नाही.

६ एप्रिल, शुक्र.
टेलिफोनचे लाइनमन साहूजी समोरच्या खांबावर चढले होते, उतरल्यावर घरी बोलावलं. चहा घेतला, पडदा बघितला. म्हणाले, "दीदी, यहाँ का टोन ये मशीन पहचानता नहीं. उसको बोलो, टोन का रास्ता मत देख, सीधा नंबर लगा." खरंच तशी एक चौकट होती, तिच्यातली खूण काढली. मोडेमनं नंबर फिरवला, मग जी काही किंकाळी फोडली! मीनू कानावर हात ठेवून हसत होती.

आणि तुटलं. फोन माझ्या नावावर, पण त्याचं पॅरलल कनेक्शन वरच्या मजल्यावर घरमालकीण चाचींकडे आहे. त्यांनी रिसीव्हर उचलला होता. घाबरून जिन्यात आल्या, "फोन मा भूत आ गे हे का?"

८ एप्रिल, रवि.
चाचींना सांगून बसले. लागतं, नाव विचारतं, पासवर्ड विचारतं, मग नाकारतं. नेटचं कनेक्शन घेताना मिळालेल्या कागदावर आहे तसाच मारतेय. सरकारी स्टेनो आहे मी, माझी अक्षरं चुकत नाहीत. कनेक्शन देणाऱ्यांकडेच गोंधळ असणार. उद्या जाऊन झापते.

९ एप्रिल, सोम.
झापायला गेले आणि एवढंसं तोंड घेऊन परत आले. काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडूनच टाइप करवून घेतलं आणि बोटावर बोट ठेवलं. पासवर्डमध्ये एकचा आकडा आहे, मी लहान एल मारत होते. आमच्या जुन्या इंग्रजी टाइपरायटरला एकची कळच नव्हती, एकोणीस वर्षं एकच्या जागी एल. कागदावर कोणाला फरक दिसला नाही, मशीनला दिसला. मीनूला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वर्षभर पुरलं असतं.

१० एप्रिल, मंगळ.
आज परिपत्रक टाइप केलं. ज्यांना ऑप्शन बदलायचा असेल त्यांनी ३० एप्रिलपर्यंत अर्ज द्यावा, त्यानंतर विचार होणार नाही. शाखेत कुजबुज. मी प्रती काढल्या, वाटल्या, घरी आले.

चाचींशी तह झाला. सकाळी साडेपाच ते सहा त्या देवळात जातात, तेवढा वेळ लाइन माझी.

१३ एप्रिल, शुक्र.
लागलं. पाच वाजून चाळीस मिनिटांनी. टिकलंही. मीनू उशी घेऊन खुर्चीशेजारी बसली होती. तिनं माझ्या नावानं मेलचा पत्ता उघडून दिला. मी ह्यांना लिहिलं, नेट लागलं, आता सविस्तर लिहा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं म्हणजे स्वतःचंच नाव परक्यानं उच्चारल्यासारखं वाटतं. पाठवलं. गेलं म्हणून आलं. मला फार आनंद झाला, उगाच लपवत नाही. दिवसभर ऑफिसात गुणगुणत होते.

हे इकडे राहायला आले की ह्यांची कपड्यांची पेटी कुठे ठेवायची, आतली खोली की बाहेरची, ह्यावर मीनूशी बोलणं. तिला फारसं सुचलं नाही.

१६ एप्रिल, सोम.
सकाळी मेल. लांब. ह्यांनी इतकं कधी लिहिलेलं नाही, लग्नाआधीसुद्धा नाही. मीनू झोपली होती ते बरं. महत्त्वाचं तेवढं इथे उतरवून ठेवते.

"फोनवर सांगता येत नव्हतं म्हणून लिहून राहिलो. तू पाठवलेला फॉर्म मी दिलाच नाही. तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. दुसरा घेतला, हातानं भरला, मध्यप्रदेश लिहिलं. इथं माझी सीनियरिटी आहे, तिकडं आलो तर यादीत सगळ्यात खाली. रायपुरात गुढियारीला तुझं माहेर आहे, माझं तिथं कोण आहे? पण हे सगळं नंतरचं. तू फॉर्म टाइप करून पाठवला, सहीच्या जागी पेन्सिलनं फुलीबी मारून ठेवली. मले एकदा तरी विचारलं काय, तुमाले यायचं आहे काय म्हणून?"

तीनदा वाचलं. मग सहा वाजले.

१७ एप्रिल, मंगळ.
फुली मी सगळ्या साहेबांसाठी मारते. त्यांना शोधावं लागू नये म्हणून. सवय आहे.

तीन महिने गप्प. जानेवारीत फॉर्म, आज एप्रिल. मधे दोनदा येऊन गेले, आलू-गोभी आवडली म्हणाले, कूलरची ताडपत्री काढून दिली. सांगायला काय झालं होतं? रात्री भात करपवला. मीनूवर ओरडले, तिचा काही संबंध नव्हता.

१९ एप्रिल, गुरु.
दुपारी त्यांचा फोन, ऑफिसात.
"मेल भेटला?"
"भेटला."
"मग?"
"समोर साहेब आहेत ना?"
"आहेत."
"मग ठेवा."
ठेवला त्यांनी. नंतर डिक्टेशन घेताना दोन वाक्यं सुटली. साहेबांनी वर बघितलं. असं कधी झालं नव्हतं.

२१ एप्रिल, शनि.
मीनूला सांगावंच लागलं. ऐकून घेतलं, रडली वगैरे नाही. विचारलं, पापांना बदलायला किती दिवस आहेत. नऊ. मग म्हणाली, "मुझसे भी किसी ने नहीं पूछा." तुझं काय म्हणणं आहे, म्हटलं. तिला भोपाळला कॉलेज करायचंय. दोन वर्षांपासून. मैत्रिणीला माहीत होतं, पापांना माहीत होतं. मी म्हटलं, मले काहून नाही सांगितलं? तर म्हणे, आपने तो पूरा तय कर रखा था.

खरं आहे. माझ्या मनात सगळं टाइप होऊन तयार असतं. राग अजून आहे, पण आता तो नुसता ह्यांच्यावर उरलेला नाही, आणि त्यामुळे जास्त त्रास होतोय.

२२ एप्रिल, रवि.
नेट लावलं. काही लिहिलं नाही. अर्धा तास दिवे बघत बसले.

२४ एप्रिल, मंगळ.
आज लिहिलं. आधी कच्चं केलं नाही, सरळ मारलं. चुका राहिल्या, राहू दिल्या.

"मले राग आला होता, अजून आहे. तुमी तीन महिने लपवलं. पण विचारलं नाही हे खरं आहे. आता विचारते. सीनियरिटी, माहेर, सगळं बाजूला ठेवा. तुमाले आमच्यासंग राहायचं आहे काय? इथं की तिथं ते नंतर पाहू. मी भोपाळचा विचार कधी केलाच नव्हता, आता करून राहिली."

पाठवायच्या आधी शेवटचं वाक्य काढावंसं वाटलं. काढलं नाही.

२५ एप्रिल, बुध.
उत्तर नाही.

२६ एप्रिल, गुरु.
नाही. मीनूनं दोनदा बघितलं. तिनं आज चहा केला, न सांगता. ऑफिसात ऑप्शन बदलायचा कोरा अर्ज मशीनला लावला आणि परत काढला. कोणाचं नाव टाकू?

२७ एप्रिल, शुक्र.
आला. तीन ओळींचा. मेल वाचला, खूप वेळ विचार करून राहिलो, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मले एकदम देता येत नाही, दोन दिवस दे.

राज्याचा प्रश्न असता तर दोन दिवस समजले असते. पण मी ते विचारलंच नव्हतं. 'हो' म्हणायला इंग्रजी अक्षरांत दोनच कळा लागतात.

उत्तर पाठवलं, दिले दोन दिवस. सोमवारी मुदत संपते. रविवारसाठी गजर साडेपाचचाच ठेवला आहे.