कुटुंबीयांची खुर्ची

३ मार्च
मंडळाच्या नव्या नियमांचा मसुदा आला. माजी सैनिकांचं आमचं सल्लागार मंडळ आता 'विचारल्यास सल्ला देईल'. म्हणजे आपणहून तोंड उघडायचं नाही! अडलेल्या अर्जांच्या फायली मागवायचा अधिकार काढला. तेवढाच तर एक दात होता आम्हाला. सदस्य अकराचे सात, आणि त्यात कुटुंबीयांची जागा नाही. हे गेल्यापासून नऊ वर्षं मी त्या जागेवर बसतेय. दोनदा वाचलं. चहा गार.

४ मार्च
कार्यालयाच्या जिन्यात स्वयंपाक्याची बायको भेटली. तिच्या नवऱ्याने अठरा वर्षं तोफखान्यात रांधलं, चूल तोफांच्या मागेच. दोन्ही कान गेले. उपचाराचा अर्ज केला तर कार्यालयाचं उत्तर— स्वयंपाक्याचा तोफांशी संबंध येत नाही. एप्रिलमध्ये फाईल मागवते, असा शब्द दिलाय मी. मसुद्याचं तिला सांगितलं नाही.

९ मार्च
अध्यक्षसाहेबांचा फोन. यांचे जुने अधिकारी. माणूस मऊ, हीच तर पंचाईत. म्हणाले, "वहिनी, कुटुंबीयांची जागा मी वाचवतो. फक्त फायलींवरून अडून बसू नका."
सूनबाईचं म्हणणं, आत राहिलात तर काहीतरी करता येईल, बाहेर राहून भिंतीशी बोलणार का? पटतं. मग टोचतंय काय?

१० मार्च
कपाट आवरलं. विस्कटलं. परत आवरलं.

१७ मार्च
मसुद्यावर मतदान झालं. बाजूने असलेल्यांनी हात वर करा म्हणाले. मी केला.
सहा विरुद्ध पाच. म्हणजे माझ्याच हाताने झालं!
नंतर साहेबांनी बिस्किटांची बशी आधी माझ्यापुढे धरली. शेजारी बसणारा चालक, सुरुंगात पाय गेलेला, नऊ वर्षांत एकदाही निरोप न घेता गेला नव्हता. आज काठी उचलली आणि गेला.

१९ मार्च
झोप नाही, भूक नाही. सूनबाई म्हणते डॉक्टरला दाखवू. डॉक्टरला काय दाखवायचं? हात?

२ एप्रिल
नव्या नेमणुकीचं पत्र आलं. नेमकी आजच स्वयंपाक्याची बायको घरी आली, फाईलीचं विचारायला. सगळं सांगितलं, मताचंसुद्धा. रडेल, भांडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "म्हणजे ताई, तुमची खुर्ची राहिली आणि आमची फाईल गेली?"
हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?
पाणी पिऊन गेली. भांडं विसळून ठेवून गेली. त्याने जास्तच मेल्यासारखं झालं.

६ एप्रिल
राजीनामा दिला. साहेब म्हणाले, जागा मिळवायला मी किती खटपट केली, आता बसवू कुणाला? मी स्वयंपाक्याच्या बायकोचं नाव सुचवलं. तिला आधी विचारलं होतं. पदर खोचून तयारच होती. साहेब कुरकुरले, तिला अनुभव काय? म्हटलं, मी आले तेव्हा माझा अनुभव म्हणजे यांच्या मरणाची एक तार. तेवढीच.
मग म्हणाले, बरं, साधी बाई आहे, चालून जाईल.

२८ एप्रिल
तिची नेमणूक झाली. मला हायसं वाटायला हवं. वाटत नाही. तिला आगीतून फुफाट्यात तर नाही ना ढकललं?

१२ मे
चालकाचा फोन, तोही सातांत आहे. मतदानानंतर पहिल्यांदाच बोलला. आज नव्या मंडळाची पहिली बैठक. कुणी न विचारता ती उठली, नवऱ्याची फाईल कुठंय म्हणाली. साहेबांनी समजावलं, इथे आपल्या घरचं बोलता येत नाही. "बरं," ती म्हणाली, "मग दुसऱ्यांच्या घरचं सांगते." आणि अर्धा तास सांगत राहिली.
साहेबांनी थांबवलं नाही? मी विचारलं.
नाही, तो म्हणाला. कारकुनाला म्हणाले, सगळं लिहून घे.