आठ पाटांचं गणित

प्रेम नगर, झाशी

चि. दामोदर भावजी यांस,

तारावहिनीचे झाशीहून आशीर्वाद. (पंचावन्न वर्षांच्या दिराला चिरंजीव लिहिताना हात अडखळतो, पण सासूबाईंनी लावलेली सवय आहे.) तुमची पाठ कशी आहे? इंदू बायकोच्या हक्काने पथ्य पाळायला लावत असेलच. इकडे सगळं ठीक, ह्यांचं पोट आणि माझं डोकं सोडून. फोन तुम्ही उचलत नाही, आमच्या सलीलने त्याच्या साखरपुड्याचं आमंत्रण मोबाइलवर पाठवलं तर दोन निळ्या खुणा आल्या आणि पुढे काही नाही. त्याबद्दल मी एक अक्षर विचारणार नाही. पत्राचं कारण वेगळं आहे. मी सध्या अकरावीचं गणित करते आहे.

हसू नका. आमचं शेंडेफळ आभा, तिची चाचणी आहे, आणि धडा आहे मांडण्यांचा आणि शक्यतांचा. कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनीयर घरात असताना तुम्ही का, असं विचाराल. आमच्या प्रांजलीच्या लग्नात भर पंगतीत, व्याह्यांच्या देखत, दादा सातवीत गणितात आपटला होता हे तुम्ही जाहीर केलंत, तेव्हापासून ह्यांनी गणिताच्या पुस्तकाला हात लावलेला नाही. (त्यावर ह्यांनी तुमच्या वकिलीबद्दल जे काढलं तेही काही शोभेचं नव्हतं.) दोघांचं बोलणं बंद झालं आणि आभाचा अभ्यास माझ्या गळ्यात पडला.

पहिलंच उदाहरण असं, की पिशवीत पाच लाल आणि चार पांढरे चेंडू आहेत, न बघता एक काढला तर तो लाल असण्याची शक्यता किती. मी म्हटलं, बघून काढावा. इथलं नावाजलेलं बरुआसागरचं आलं म्हणून सांगितलं तरी मी मंडईत एकेक तुकडा उलटून बघते. आभा म्हणाली, "आई, सवाल में देखना मना है." मग म्हणे काढलेला चेंडू परत टाकायचा आणि दुसरा काढायचा. परत टाकायचा होता तर काढलात कशाला, ह्याचं उत्तर पुस्तकाच्या शेवटीही दिलेलं नाही. प्रत्यक्ष करून बघावं म्हणून नाणं उडवलं, ते कपाटाखाली गेलं. छापा की काटा, अजून कळलेलं नाही. (कपाट सरकवायला ह्यांना बोलवावं लागेल, आणि मग कशासाठी तेही सांगावं लागेल.)

पण पुढचं उदाहरण वाचलं आणि मी सरसावून बसले. आठ माणसं एका ओळीत बसवायची, त्यातली दोन शेजारी येता कामा नयेत. हे गणित कसलं, हा तर आपला साखरपुडा. हॉलवाले भैया बुफे म्हणत होते, ह्यांनी पंगतीचाच हट्ट धरला, आणि घरच्यांच्या ओळीत आठच पाट मावतात. मी आणि आभा वाढणार. मी तिला विचारलं, त्या दोघांचं भांडण कशावरून झालं? "झगडा नहीं है आई, बस शर्त है," म्हणाली.

रीत अशी, की आठ जणांना बसवायचे प्रकार चाळीस हजार तीनशे वीस. मग त्या दोघांना बांधून एकच माणूस धरायचा, म्हणजे जोडीने बसायचे प्रकार मिळतात, ते डावं-उजवं धरून दहा हजार ऐंशी. ते वजा केले की उरले तीस हजार दोनशे चाळीस. भावजी, तुम्हाला आणि ह्यांना लांब बसवायचे एवढे मार्ग आहेत. मला वाटलं, सुटले.

मग जमिनीवर आठ वाट्या मांडल्या. (तुमची वाटी पोचे आलेली आहे, ते मुद्दाम नाही.) मार्तंडकाकांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, तेव्हा बोलणारं माणूस उजवीकडे हवं. मकरंद जावई, त्याला मधला पाट. सलील आणि होणारी सून सई जोडीने. इंदूला पंख्याखाली चालत नाही आणि प्रांजलीला पंख्याशिवाय चालत नाही. हजारो प्रकार एकेक करत गळाले आणि एकच उरला, हे एका टोकाला, तुम्ही दुसऱ्या. तेवढ्यात हॉलवाल्यांचा फोन, की खांब आड येतो, ओळ मध्येच मोडून चार-चार समोरासमोर बसवा. ओळ मोडली की दोन टोकं बरोबर एकमेकांसमोर येतात. म्हणजे पहिल्या भातापासून ताकापर्यंत तुम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघत बसणार.

मला रडूच आलं. मुलाच्या साखरपुड्याला त्याचा काका नसेल, किंवा काका असेल आणि बाप पानावरून उठून जाईल, ह्या धास्तीने मला झोप नाही. असो. पाठ शेकत जा, इंदूला आशीर्वाद सांगा.

तुमची
तारावहिनी

ता. क. विचारणार नाही म्हटलं होतं, ते विचारते. येणार ना?

ता. क. दुसरा. पाकीट बंद करणार तोच हे वाट्यांपाशी येऊन उभे राहिले. कोणाची कोणती वाटी ते विचारलं आणि पेन्सिल मागितली. मला वाटलं, झालं, आता पंगतच रद्द. बराच वेळ कागदावर खुडबुड करून आभाला म्हणाले, "दोघं शेजारीच बसले तर दहा हजार ऐंशी. बघ गं." तिने तपासून सांगितलं, "पापा, बिलकुल सही." ह्यांनी तुमची वाटी उचलून आपल्या वाटीला लावून ठेवली आणि मला म्हणाले, "दामूला कळव, माझं उत्तर बरोबर आलं."

ता. क. तिसरा. उत्तर तिसऱ्या खेपेला बरोबर आलं. तुमच्या पानात पहिल्यापासून पुरणपोळी वाढत राहायची असं मी आभाला बजावून ठेवलं आहे, तुमचं तोंड रिकामं राहता कामा नये.