अकॉर्डियन विकू नकोस

बाबा,

अकॉर्डियन विकायचं नाही. ते बघायला आज संध्याकाळी झ्रेन्यानिनहून माणूस येणार आहे ना, त्याला आत्ताच फोन करून नाही म्हणून सांग. मला नवा लॅपटॉप नको. जुना दुरुस्त झालाय, आणि तो मी स्वतः केलाय.

तू म्हणाला होतास, "गेमिंगच्या स्पर्धेसाठी नवा घेऊ, हा आता म्हातारा झाला." म्हातारा नव्हता झाला, गुदमरला होता. काल तू बेकरीत असताना मी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला. पंख्यात आपल्या मांजरीचे इतके केस निघाले की त्यांतून आणखी एक पिल्लू झालं असतं. म्हणून तर तो तापायचा आणि ऐन खेळात रखडायचा. पंखा साफ केला, चिप थंड ठेवणारी पेस्ट वाळून खडखडीत झाली होती, ती पुसून नवी लावली. नंतर संध्याकाळभर खेळले, एकदाही अडखळला नाही.

आई गेल्यापासून तू अकॉर्डियनला हात लावलेला नाहीस, ते मला दिसतं. वाजवलंच पाहिजेस असं नाही. पण ते घरात असू दे.

फ्रिजमध्ये सार्मा आहे, कोबीच्या पानांत खिमा भरून केलेला. गरम करून, बसून खा. मी बेलग्रेडच्या बसला निघाले.

अंतिम फेरीत कदाचित मी हरेन. पण लॅपटॉपमुळे हरणार नाही, हे बेकरीत सगळ्यांना खुशाल सांग.

दुन्या