अर्जासोबत पत्र जोडू का?

१४ ऑक्टोबर

लाडके धाकटे,

आम्ही सगळे ठीक. तुझे भाऊजी पाठदुखीचं कौतुक करून घेताहेत, लेकीला चष्मा लागला. तू वेळेवर जेवतेस ना? आई गेल्यापासून एकटीपुरतं रांधायचा कंटाळा करतेस, माहीत आहे मला.

आमच्या प्रयोगशाळेतल्या त्या जागेबद्दल "अर्जच फार आले होते" असं मी फोनवर म्हणाले. ते अर्धंच खरं.

"ताई, अर्जासोबत पत्र जोडू का?" असं तू विचारलंस, तेव्हा "छे, कोण वाचतंय!" म्हणून मी उडवून लावलं. वाचतात गं. आमच्या मोठ्या मॅडम तर आधी पत्रच वाचतात.

निवडीच्या बैठकीत तुझा अर्ज निघाला. मॅडम म्हणाल्या, "काम चांगलं येतंय, पण मधली आठ वर्षं ही बाई होती कुठे? दोन ओळी तरी लिहायच्या!" उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. तुझा अर्ज बाजूला पडला.

सख्ख्या बहिणीची बाजू कशी घ्यायची, अशी मनाची समजूत घातली. पण खोटं कशाला बोलू? तू लिहिलं असतंस, तर त्यात आईचं आठ वर्षांचं अंथरूण आलं असतं, तिला भरवणं, कूस बदलणं आलं असतं. आणि इथे सगळ्यांना वाटतं, आईचं मी केलं. मीच तसं सांगत आले. सणासुदीला पाहुणीसारखी डोकावणारी मी!

काल मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती जागा भरली. जानेवारीत दुसरी निघेल. बहिणीला पत्र लिहू द्या. तुम्ही बैठकीला बसू नका."

बाहेर आले तर शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "डोळे का लाल? आई आठवली? किती केलंस गं तिचं!" तिलाही सांगून टाकलं. आज ती माझ्यासोबत डबा खायला आली नाही.

अर्ज कर. पत्र लिहीच, आणि मला दाखवू नकोस. आईजवळ तू एकटीच होतीस असं लिही. मला सांभाळून घेऊ नकोस. तुला ती खोड आहे.

माझा फोन उचलला नाहीस तरी चालेल, जागा सोडू नकोस.

अजून म्हणावंसं वाटलं तर,
तुझी ताई