तपकिरी चौकड्यांची पिशवी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि माझं उत्तर नाही, म्हणून तू मनात काय काय मांडून ठेवलं असशील ते मला इथे बसून दिसतंय. वन्सं रागावल्या, वन्सं आता बोलायच्या नाहीत. माझ्याहून चार महिन्यांनी मोठी असून तू मला वन्सं म्हणतेस आणि अहो-जाहो करतेस. आधी थट्टेनं, मग सवयीनं, आणि या पत्रात मात्र अगदी खरंखुरं. तू लिहिलंस की तुझ्या शाळेतल्या सरांनी लग्नाचं विचारलंय. माणूस शांत आहे, तुला हसवतो, वकिलाकडून कागदाचं काय ते विचारून घेतलंय. दादा घरातून गेला त्याला चार वर्षं झाली. तरी वन्सं, तुम्ही थांब म्हणालात तर मी थांबेन, असं लिहून तू मोकळी झालीस आणि मला मात्र अडकवून ठेवलंस.

रागावले नाही गं. उत्तर माझ्याकडे होतं, पाकिटात घालून चिकटवलंही होतं. ते मी काल फाडलं. का फाडलं ते सांगायचं तर पिशव्यांपासून सुरुवात करावी लागेल. कंटाळू नकोस, आणि मला वेड लागलंय असं वाटलं तरी शेवटपर्यंत वाच.

गटार तुंबलं ती सकाळ तू विसरली नसशील. दुकानात घोटाभर पाणी, साखरेचं पोतं डोळ्यांदेखत विरघळतंय, आणि तू कोपरापर्यंत हात घालून त्या घाणीतून प्लॅस्टिकच्या पिशव्या ओढून काढतेयस. त्यातली एक तू नळाखाली धुतलीस आणि माझ्यासमोर धरलीस. आपल्याच दुकानाचं नाव होतं, बाबांच्या वेळच्या लाल अक्षरांत, काल छापल्यासारखं. बाबा जाऊन किती वर्षं झाली होती. त्यांचा आवाजसुद्धा मला नीट आठवेनासा झाला होता, आणि पिशवी मात्र ठणठणीत. मला तेव्हा शहारा आला होता. तुला आला राग. आजपासून या दुकानातून एकही पिशवी बाहेर जायची नाही, असं तू जाहीर केलंस, आणि मी मान डोलावली, कारण तुझ्या हाताला तो वास येत होता आणि वाद घालायची माझी इच्छा नव्हती.

मग तू सगळ्या रस्त्याच्या मागे लागलीस. मासळीवालीनं विचारलं, मी काय मासे रुमालात बांधून देऊ? तू तिला म्हणालीस, गिऱ्हाइकाला डबा आणायला सांग, नाही आणला तर दे परत पाठवून. ती तुला वेडी म्हणाली आणि पुढच्या महिन्यात तिनंच पाटी लावली. औषधवाला सगळ्यांत चिवट. गोळ्यांच्या एका पाकिटालाही पिशवी द्यायचा आणि वर गाठ मारून द्यायचा. गिऱ्हाइकांचं तर विचारूच नकोस. आजच्या दिवस द्या हो एक, म्हणायचे, आणि तो आजचा दिवस रोज उजाडायचा. तेव्हा तुझी ती युक्ती निघाली: घरातले जुने कपडे आणून द्या, टेलरमास्तर फुकट पिशव्या शिवतील, त्या सगळ्या दुकानांच्या दाराशी खुंट्यांवर टांगू. पिशवी विसरलात तर कुठल्याही दुकानातून घ्या आणि कुठल्याही दुकानात परत लावा.

आपण दोघींनी एका गोष्टीचा विचार केला नव्हता. घरात धड असलेला आणि तरी कुणी घालत नसलेला कपडा कुणाचा असतो? जे वापरात असतं ते अंगावर असतं, फाटलेलं असेल त्याचं फडकं होतं. उरतात ते गेलेल्या माणसांचे. ना घालवत, ना टाकवत. ते सगळे आपल्याकडे आले, धुऊन, इस्त्री करून. घड्याळजींच्या मुलीनं त्यांचा राखाडी कोट आणला. पोस्टमनच्या बायकोनं खाकी सदरा. बेकरीवालीनं तिच्या मुलीचा फ्रॉक, ज्याची पिशवी जेमतेम दोन अंडी मावतील एवढी झाली. आणि तू दादाचा तपकिरी चौकड्यांचा शर्ट दिलास. तो मेलेला नाही, असं टेलरमास्तरांना दोनदा बजावलंस. आल्यावर नवा घेऊ, तोवर पडून राहण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडू दे, म्हणालीस. त्यांनी त्याला दुहेरी बंद लावले.

तू नोकरीला तिकडे गेलीस आणि त्यानंतर हे सुरू झालं. आधी आम्हाला गंमत वाटली. दवाखान्यातली नर्स एक दिवस मशीनच्या तेलाची बाटली परत करायला आली. घरात एकही मशीन नाही, का घेतली कळत नाही, म्हणाली. दोन दिवसांनी एका शिक्षकांनी तीच बाटली घेतली, आणि वर एक चिमटा. दोघांच्याही हातात राखाडी पिशवी होती. खाकी पिशवी घेऊन निघालेली माणसं घरी उशिरा पोचायला लागली. अनोळखी इमारतींचे जिने चढून, कुणाच्या तरी दारासमोर उभं राहून, मग भानावर यायची. दार उघडणारे घाबरायचे आणि उभे राहिलेले त्याहून जास्त. मी मनाला समजावलं, योगायोग असतो. तुला ठाऊक आहे, मी या बाबतीत बाबांवर गेलेय, माझा कशावर चटकन विश्वास बसत नाही.

मग एका दुपारी एक आडदांड हमाल फ्रॉकची पिशवी घेऊन रस्त्यानं जाताना मी पाहिला. तो रस्त्याच्या आतल्या कडेनं, दुकानांना चिकटून चालत होता. पावलं लहान लहान टाकत होता. आणि त्याचा मोकळा हात खांद्याच्या उंचीवर वर धरलेला होता, कुणाचं तरी बोट धरावं तसा. बेकरीवाली दारात उभी राहून बघत होती. तिनं ओरडून त्याला थांबवलं नाही. आता ती रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना ती पिशवी खुंटीवरून काढते, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन येते आणि परत लावते. तिच्याकडे कुणी बघत नाही. आम्ही सगळे त्या वेळी काही ना काही काम काढतो.

मी टेलरमास्तरांना गाठलं. ते म्हणाले, माझं काम शिवायचं, आत काय भरायचं ते गिऱ्हाईक बघेल. पण त्यांचा चेहरा उतरला होता. शेवटी आम्ही दोघांनी माझ्या जुन्या कुडत्याची एक पिशवी शिवून बघितली आणि त्यांच्या स्वतःच्या विजारीची एक. दोन्ही महिनाभर हिंडल्या. काही नाही. साध्या पिशव्या. फळवाल्या आजोबांनीही आपला पट्ट्यापट्ट्यांचा सदरा हौसेनं दिला होता, त्याचीही पिशवी तशीच साधी. आजोबा गेले त्या दिवशी दुपारी ती पिशवी नेलेली प्रत्येक बाई प्रत्येक फळ नाकाशी धरून, बोटानं टकटक करून, दहा वेळा परत ठेवून मग घेत होती. आजोबा गेल्याचं तोवर रस्त्यात कुणाला ठाऊकसुद्धा नव्हतं. संध्याकाळी त्यांचा नातू सांगायला आला तेव्हा मी त्याला बसायला दिलं आणि आत जाऊन पाणी प्यायले. कारण मला ते आधीच कळलं होतं.

तुझ्या भाषणांनी झालं नाही ते या भुताटकीनं केलं, हे मात्र कबूल करायला हवं. अर्धा रस्ता आपल्या माणसाच्या पिशवीसाठी येतो आणि अर्धा रस्ता तिच्या भीतीनं घरून स्वतःची आणतो. प्लॅस्टिक कुणी मागत नाही. पिशव्यांचा विक्रेता नमुन्यांचं बोचकं घेऊन आला होता, त्याला मासळीवालीनंच वाटेला लावलं. यांच्यात कुणी नसतं रे बाबा, म्हणाली त्याला. तो काही न समजून गेला. गटार वाहतंय. आता त्याचा आवाज दुकानात ऐकू येतो.

फळवाल्या आजोबांनंतर मी दादाच्या पिशवीवर पाळत ठेवायला लागले. कशाची वाट बघायची ते मला नेमकं माहीत होतं, तुलाही आहे. लग्न झाल्यापासून त्या माणसानं आयुष्यात एकेरी वस्तू विकत घेतली नाही. कंगवा घेतला तर दोन, छत्री घेतली तर दोन, आणि त्याला चष्मा लागला तेव्हा तुझे डोळे धडधाकट असताना तुलाही एक. आपण किती हसलो होतो. तेव्हा तपकिरी पिशवी घेऊन कुणी परतलं की मी काहीतरी निमित्त काढून आत डोकवायची. एक साबण. एक मेणबत्ती. एक पाव. जे आणायला गेले तेच घेऊन आलेले. माझ्या जिवात जीव यायचा. तो आहे, वहिनी, कुठेतरी आहे, श्वास घेतोय, असं मी स्वतःला सांगायची आणि त्याच दमात मला त्याचा इतका संताप यायचा की हातातलं माप खाली ठेवावं लागायचं. आहे तर येत का नाही? त्या दिवशी नेहमीसारखा कामाला निघाला, कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं त्याला हात केला, त्यानं परत हात केला, आणि त्यानंतर त्याला पाहिलेलं कुणी नाही. आपल्यावर नाराज होता म्हणावं तर आदल्या रात्री तुझ्याशी पत्ते खेळत बसला होता.

तुला यातलं काही कळवलं नाही. कळवलं असतं तर तू नोकरी सोडून परत इथे दाराकडे तोंड करून बसली असतीस. पण तू सरळ विचारलंस तेव्हा खोटं कसं लिहू? मी लिहिलं होतं: थांब, तो जिवंत आहे, कसं कळलं विचारू नकोस. ते पाकीट गल्ल्यावर ठेवलं आणि पोस्टात टाकायचं आजचं उद्यावर ढकलत राहिले. त्या सरांचा विचार यायचा, तू कधी नव्हे ते हसतेस असं तू लिहिलं होतंस, त्याचा विचार यायचा.

मंगळवारी दुपारी औषधवाला स्वतःसाठी साबण आणायला निघाला. तो आता आपल्या बाजूचा कट्टर झालाय, बिनपिशवीचं गिऱ्हाईक दिसलं की व्याख्यान देतो. त्या दिवशी त्याचीच पिशवी घरी राहिली होती, म्हणून त्यानं माझ्या दारावरची तपकिरी घेतली. तासाभरानं परत आला तो पांढराफटक. ताई, हे बघा, एवढंच म्हणाला आणि पिशवी गल्ल्यावर ठेवली. दोन साबण. दोन दात घासायचे ब्रश. नखं कापायची दोन यंत्रं. दोन कंगवे. एकटा राहणारा माणूस तो, आणि डोक्यावर औषधालाही केस नाही. एरवी मी हसून हसून लोळले असते. मी त्याला खुर्ची दिली आणि दुकानाचं दार लोटून घेतलं.

तरी खात्री हवी म्हणून बुधवारी मीच पिशवी घेऊन बेकरीत गेले. एक पाव घ्यायचा, एकच, असं पायरी चढेपर्यंत मनात घोकत होते. तोंड उघडलं आणि दोन मागितले. आवाज माझाच होता, पण मागताना जी घाई होती, जो आनंद होता, तो माझा नव्हता. बेकरीवालीनं दोन पाव ठेवले आणि पिशवीच्या बंदावर हात ठेवून विचारलं, कधी? मी म्हणाले, काल बहुतेक. तिनं पैसे घेतले नाहीत.

तेव्हा हे तुझं उत्तर. परवापर्यंत तो होता आणि आता नाही. कुठे होता, कुणाजवळ होता, कशानं गेला, मला ठाऊक नाही आणि आपल्याला ते कधी कळेल असं वाटत नाही. दुसरी वस्तू इतकी वर्षं तुझ्यासाठी होती की तिकडच्या कुणासाठी, तेही पिशवी सांगत नाही. मी म्हणते तुझ्यासाठी, आणि तूही तसंच म्हण. रडून घे, सरांसमोर रडलीस तरी चालेल, चांगला माणूस असेल तर त्याला कळेल. मग त्यांना हो सांग. इकडे मात्र इतक्यात येऊ नकोस. आलीस तर ती पिशवी हातात घेतल्याशिवाय राहणार नाहीस, आणि एकदा घेतलीस तर बेकरीवालीसारखी रोज घेशील. मी ती खुंटीवरून काढलीय आणि आत ठेवलीय. ती घेऊन घरचा बाजार आता मीच करेन, जे जोडीनं येईल त्यातलं एक मी वापरेन. माझा भाऊ आहे, त्याला मी सांभाळते. तू इतकी वर्षं सांभाळलंस. तिकडे संसाराचं पहिलं सामान आणायला जाल तेव्हा कापडाची पिशवीच ने, एवढं माझं ऐक. पण जुन्या कपड्याची नको. दुकानात जा, थानातून नवं कापड फाडून घे, आणि स्वतःच्या हातानं शिव.

तुझीच, यापुढेही,
वन्सं