झल्लाकमार्गे लुर्ड

नईम, मनामा, बहारीन
२२ मे १९८३

ती. स्व. युस्टेसदादास, धाकट्या अँब्रोजचा प्रभूच्या नावाने नमस्कार, विनंती विशेष.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुझी पाठ आता कशी आहे, ग्रेसीवहिनींचा खोकला गेला का, आणि यंदा केळींनी घड कसे धरलेत, ते सविस्तर कळव. आईच्या गुडघ्यांची चौकशी मी वेगळी करत नाही, कारण हे सगळं पत्रच त्या गुडघ्यांविषयी आहे.

मी पाच वर्षांचा असताना विषमज्वराने अंथरुणाला खिळलो होतो आणि आईने लुर्डमातेला नवस केला होता, की पोर उठलं तर मी स्वतः तुझ्या दारी येईन. पोर उठलं (आणि आज एका मोठ्या कंपनीत सीनियर स्टोअरकीपर आहे, हे तू आपल्या गिरीज गावात सांगत असतोसच), पण नवस अडतीस वर्षं तसाच राहिला. आता डॉक्टर म्हणतात, गुडघे यंदा चालतील, पुढच्या वर्षाचं सांगता येत नाही. तेव्हा सप्टेंबरात जायचं हे नक्की. पॅरिसपर्यंत विमान. मग आधी नेव्हेर गावी, लुर्डमाता जिला दिसली त्या संत बर्नादेतचं दर्शन, आणि तिथून लुर्ड. या दोन गावांमधलं अंतर साडेसहाशे किलोमीटर, सगळी शेतं, गाई आणि लहान लहान खेडी. तेवढा टप्पा आगगाडीने करायचा की भाड्याची मोटार घेऊन, यावर आमच्या घरी मार्चपासून जेवणं थंड होत आहेत.

आगगाडीचा वकील म्हणजे नझीर. हा रत्नागिरीकडचा, बाब-अल-बहारीनजवळ एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढतो. फ्रान्स त्याने पाहिलेलं नाही, पण फ्रेंच रेल्वेचं जाडजूड टाइमटेबल तो इतक्या भक्तीने वाचतो, की कुठली गाडी कुठल्या खेड्यात किती मिनिटं थांबते हे त्याला आपल्या मुलांच्या वाढदिवसांपेक्षा नीट पाठ आहे. त्याच्या मते तीन ठिकाणी गाडी बदलली की काम खलास. मी म्हटलं, अरे, तीनदा बदलायची म्हणजे तीनदा पूल चढायचे आणि तीनदा उतरायचे, तेवढे आईचे गुडघे शिल्लक आहेत का? तेव्हा तो टाइमटेबलात पूल शोधू लागला. जोसेफीनला विचारलं (हॉस्पिटलात स्टाफ नर्स झाल्यापासून ती घरी नवऱ्याशीही मोजकंच बोलते), तर ती म्हणाली, "आईंनी मोटारीनेच जायला हवं. प्रश्न मोटारीचा नाही." एवढं बोलून ती ड्यूटीवर गेली. मी तो माझ्या बाजूचा कौल समजलो.

आणि दादा, का समजू नये? आपल्या घराण्यात स्टिअरिंगला हात लावणारा मी पहिला. लायसन सातव्या खेपेला मिळालं हे खरं, पण सहाही वेळा मला रिव्हर्समध्ये परीक्षेसाठी मागे मांडलेल्या ड्रमला धक्का लागला म्हणून नापास केलं. पुढे जाण्याच्या बाबतीत मला आजवर कुणी नापास केलेलं नाही, आणि लुर्डला आपल्याला पुढेच जायचं आहे. शिवाय इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, फ्रान्समध्येही तसंच. वसईचा भलाभला ड्रायव्हर तिथे पहिल्या चौकात गोंधळेल, मी नाही. गेल्या डिसेंबरात आई आली तेव्हा मीच तिला मुहर्रकच्या विमानतळावरून माझ्या डॅटसनमधून घरी आणलं. रस्ताभर डोळे मिटून तिने रोझरीच्या पाचही दशकांची माळ पुरी केली, इतकी ती भारावली होती. घरापाशी उतरल्यावर वाकून जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मुलाचं कर्तृत्व पाहून आईला काय वाटतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. त्याच रात्री जेवताना मी जाहीर केलं, की लुर्डला मीच तुला मोटारीने नेणार. पुढे तू ते मिस्सेनंतर चर्चबाहेर सगळ्यांना सांगितलंस. त्यामुळे आता माघार घेणं माझ्या एकट्याच्या हाती राहिलेलं नाही.

तरी नझीरची शंका फिटेना. म्हणून मी रंगीत तालीम ठेवली. फ्रान्समध्ये रोज दोनशे किलोमीटर चालवायचं, तर इथे एका दिवसात दोनशे चालवून दाखवायचं. आता हे बेट केवढं, तू म्हणशील. नईमहून निघून बुदैया, मग झल्लाक, तिकडून अवाली, रिफा आणि परत नईम, असा फेरा घातला तरी ऐंशीच्या वर आकडा जात नाही. म्हणजे अडीच फेऱ्या. परवा शुक्रवारी मिस्सा आटोपून आम्ही निघालो. शेजारी नझीर, मागे जोसेफीन, आणि तिच्या मांडीवर फ्रान्सचा नकाशा. तिने वाटेतल्या गावांना तिकडची नावं द्यायची असं ठरलं होतं. बुदैयाला तिने क्लेरमाँ म्हटलं, अवालीला लिमोज. झल्लाकला तिने नकाशाच डोळ्यांवर धरला, कारण तेव्हा मी एका टँकरला ओलांडत होतो.

बुदैयात एका कोल्ड स्टोअरसमोर मी रिवाजाप्रमाणे गाडीतूनच हॉर्न दिला. (इथे दुकानात कुणी उतरत नाही. हॉर्न द्यायचा, दुकानदार बाहेर येतो, काय हवं ते खिडकीतून देतो.) जोसेफीनने विचारलं, फ्रान्समधला पाववाला असा बाहेर येईल का. मी म्हटलं, दोनदा वाजवला तर येईल. दुसऱ्या फेरीला दुकानदार हॉर्नशिवायच थंड पेयाच्या तीन बाटल्या घेऊन उभा होता, तेव्हा माझं म्हणणं सिद्ध झालं असं मी धरतो.

पण रिफाच्या चौकातल्या पोलिसानेही आम्हाला ओळखलं होतं. तीच डॅटसन, तीच तीन माणसं आणि मागच्या काचेत पसरलेला तोच नकाशा दुसऱ्यांदा दिसल्यावर त्याने हात केला आणि कुठे निघालात म्हणून विचारलं. पोलिसाशी खोटं बोलू नये अशी आपल्या बाबांची शिकवण. मी म्हटलं, फ्रान्सला. नझीरने डोक्याला हात लावला. मी जोसेफीनकडून नकाशा घेतला, बॉनेटवर उलगडला आणि नेव्हेरपासून लुर्डपर्यंत बोट फिरवून सगळा रस्ता त्याला समजावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, डॅटसनच्या टायरांकडे पाहिलं आणि म्हणाला, "सौदीला जायचा पूलच अजून झाला नाही. फ्रान्स मफी." (मफी म्हणजे नाही.) मग सलाम करून जाऊ दिलं. परदेशात आपल्या माणसाला असा मान मिळतो, हे आईला जरूर सांग.

शेवटच्या अर्ध्या फेरीत झल्लाकजवळ तोच टँकर समोरून आला. त्याला वाट द्यावी म्हणून मी सभ्यपणे रस्ता सोडला आणि पुढची दोन्ही चाकं वाळूत गेली. गाडी आता फक्त रिव्हर्सनेच निघण्यासारखी होती. रिव्हर्सबद्दल वर लिहिलंच आहे. मी आणि नझीर पुढे जाऊन बॉनेटला खांदा लावून ढकलत होतो, आणि थोड्याच वेळात गाडी अलगद रस्त्यावर आली. आमच्या दोघांच्या तोंडात वाळू गेली, एवढंच. मीटरवर एकशे अठ्ठ्याण्णव झाले होते. नझीरने दोनशे धरायचं कबूल केलं, आणि परतीच्या वाटेवर टाइमटेबलाचं नाव काढलं नाही.

तेव्हा मोटार पक्की. आईला सांग, एकही पूल चढावा लागणार नाही, थेट लुर्डच्या दारात उतरवू. वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा धाकटा,
अँब्रोज

ता. क. गाडी बुक झाली. चार दारांची आहे, मागे आईला पाय लांब करता येतील.

ता. क. २. बुकिंग मिसेस जोसेफीन यांच्या नावाने आहे. तू विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. वाळूत आम्ही दोघं पुढून ढकलत होतो, तर स्टिअरिंगवर कोण होतं? ती. गाडी एका झटक्यात रिव्हर्स घेऊन बाहेर काढली, आणि मी तोंड उघडायच्या आत पर्समधून तीन आठवड्यांपूर्वीचं लायसन काढून दाखवलं. जानेवारीपासून हॉस्पिटलातल्या हमीदाबरोबर शिकत होती, आणि मी समजत होतो ओव्हरटाइम आहे. दादा, पहिल्या खेपेला पास. ड्रमला स्पर्शही नाही. घरी आल्यावर मी ते लायसन दिव्याखाली धरून तीनदा वाचलं. मग काल ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले, कारण राहवेना. आपल्या घराण्यात असं कुणी झालेलं नाही, आणि ती माझी बायको आहे.

ता. क. ३. आता खरं काम. आईची आस होती की मुलाने गाडी चालवावी. तिचं मन मोडेल या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलेलं नाही. तू तिला हळूहळू, चार-आठ दिवस घेऊन सांग. चर्चबाहेर मात्र काही सांगू नकोस. लुर्डला गाडीजवळ फोटो काढताना मी पाच मिनिटं स्टिअरिंगवर बसेन, असं जोसेफीनने कबूल केलं आहे. पाकीट चिकटवून टाकायला तिच्याकडेच देतो आहे.

भावोजी, नमस्कार. पाकीट चिकटवण्याआधी, यांना न दाखवता चार ओळी लिहिते. आईंना हळूहळू सांगायची गरज नाही. डिसेंबरात विमानतळावरून आल्या त्याच रात्री, यांची घोषणा झाल्यावर, त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाल्या, "अँबूला काही बोलू नको. तू गाडी शिकून घे, म्हणजे मला तिकडे पोचेपर्यंत माळ पुरेल." लायसन मिळाल्याचं पहिलं पत्र त्यांनाच गेलं. त्यांचं उत्तर परवा आलं. लिहिलंय, "नकाशा अँबूकडे दे आणि त्याला तुझ्या शेजारी बसव. आजारातून उठला तेव्हा त्याच्या बाबांनी त्याला बैलगाडीत पुढे बसवून चर्चला नेलं होतं, आणि वाटेत भेटेल त्याला तो सांगत होता, की गाडी मीच हाकतोय. तसाच दिसू दे मला तो लुर्डपर्यंत."

आपली,
जोसेफीन