कार्ड देवात आहे, आंघोळ करून घ्या

बॉन, बुधवार, सप्टेंबर २००६

चि. सौ. लतास ताईचे पोटभर आशीर्वाद.

तर सगळ्यात आधी आली ती सुलेखा, इथल्या मराठी मंडळींतली. (तुझा गुडघा कसा आहे ते पुढे विचारते, आधी हे ऐक, नाहीतर मला राहवणार नाही.) हातात ताट, ताटात नारळ, शेजारी घडी केलेला रुमाल आणि रुमालात तिच्या नवऱ्याचं, विनयचं, बँकेचं कार्ड. म्हणाली, "आजी, हेही तुमच्या देवात ठेवा." पाठोपाठ तिची मैत्रीण अरुंधती. तिनेही कार्ड आणलं, नवऱ्याचं म्हणाली, पण वर नाव तिचंच होतं. मी चहा टाकला. आता आमच्या देव्हाऱ्यात तीन कार्डं झाली, बाळकृष्णाला रांगायला जागा उरली नाही, आणि मला इतका आनंद झाला की दुपारभर एकटीच बेसनाचे लाडू वळत बसले.

हे सगळं जावईबापूंच्या पायी. पद्माकरराव तुला माहीतच आहेत, पानात मीठ नसलं तरी न मागणारा माणूस. त्यांना या उन्हाळ्यात कॉम्प्युटरवर स्लॉट खेळायचा नाद लागला. म्हणजे पडद्यावर तीन चाकं फिरतात, पैसे लावून बटण दाबायचं, तिन्ही चित्रं सारखी आली की पैसे मिळतात. चेरी असतात, लिंबं असतात, घंटा असतात. (तिसरी घंटा नेहमी एक घर वर अडते, दारापर्यंत येऊन चप्पल न काढता परत जाणाऱ्या व्याह्यासारखी.) आम्ही सगळे दिवाळीला तुझ्याकडे येणार ना, त्या तिकिटांचे निम्मे पैसे त्या चाकांत गेले. शुभदा रडली नाही, भांडली नाही. तिने फक्त पोळ्या करायचं बंद केलं आणि पाव आणला. इथला पाव तू पाहिला नाहीस, उशाला घेता येतो.

आता जावयाला मी काय बोलणार? आपल्याकडे जावयाला नाही म्हणायची सोयच नाही. पण देवाला आहे. पावाच्या चौथ्या दिवशी तेच खाली मान घालून आले, "आई, कार्ड तुम्ही ठेवा. मी मागितलं तरी देऊ नका." मी म्हटलं, मी कोण न देणारी, मी आपली देवात ठेवते, हवं तेव्हा घ्या, फक्त ओवळ्याने देव्हाऱ्याला हात लावायचा नाही. आंघोळ करायची, सोवळ्याचा पंचा नेसायचा, मग खुशाल. (शुभदा का नाही सांभाळत, असं तू विचारशीलच. ती म्हणते, "मला नवऱ्याची पोलीस व्हायचं नाही." देव झाला तर चालतो.)

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले ते कोट न काढता देव्हाऱ्यापुढे उभे. "आई, जरा कार्ड."

"घ्या की. पाणी गरम आहे."

गेले. पंचा नेसून कुडकुडत आले, माझ्याकडे बघितलं, बाळकृष्णाकडे बघितलं आणि म्हणाले, "आल्झो, जेवायला काय आहे?" (आल्झो म्हणजे 'तर मग'. इथे बोलणं फसलं की सगळे हेच म्हणतात.) मग रोजचं सुरू झालं. कधी दोनदा, सुट्टीला तीनदा. नात अन्वी जर्मनमध्ये ओरडून सगळ्यांना कळवते की बाबा परत शॉवरला गेले. खालच्या मजल्यावरची बाई वर आली, कोणाला त्वचेचा आजार आहे का विचारायला. शुभदाने सांगितलं, आजार नाही, शिस्त आहे. बाई "या, या" म्हणत खूश होऊन गेली. त्यांच्यात या म्हणजे हो.

एकदा मात्र त्यांनी कार्ड उचललंच. सोवळ्यात होते, मी अडवणार कशी. तेव्हा दुसरा नियम केला: वीस युरोच लावायचे, संपले की उठायचं, आणि जिंकले तर ते देवापुढे ठेवायचे, देवापुढचं परत उचलायचं नाही. वीस गेले. खुर्चीला चिकटल्यासारखे बसून राहिले, मग उठले. लता, ते उठणं मी पाहिलंय. आपल्या शुभदाच्या लग्नातसुद्धा ते मला इतके आवडले नव्हते. त्या संध्याकाळी पोळ्या झाल्या. उरलेले पैसे जागेवर आहेत, पगारातून भर पडते आहे, आणि दिवाळीला आम्ही येणार म्हणजे येणार. अनारशाचं पीठ करून ठेव.

तुझी,
ताई

ता. क. गुडघा कसा आहे?

दुसरा ता. क. मागच्या पत्रात मी कवळीसाठी माझ्या पाटल्या मोडून पैसे पाठव असं लिहिलं होतं. कवळी उत्तम आहे. मोडू नकोस. मी पुन्हा लिहिलं, फोन केला, गळ्याची शपथ घातली तरी मोडू नकोस, तुझ्या देवात ठेवून दे. झालं काय, हा खेळ तरी कसला ते कळावं म्हणून शुभदाने मला पैसे न लावता खेळून बघायला बसवलं, आणि पहिल्याच फेरीला तिन्ही घंटा आल्या. काय गोड वाजतं ग ते.

तिसरा ता. क. आंघोळीचा नियम माझ्या काही कामाचा नाही, मी उजाडल्यापासून सोवळ्यातच असते. आणि कार्डावरचे आकडे वाचण्याइतकी शाळा माझी झालेली आहे. म्हणून उद्यापासून पूजा जावईबापू करतील, मी लांब पाटावर बसून मंत्र सांगेन, दिवाळीपर्यंत देव्हाऱ्याला बोट लावणार नाही. ठरलं म्हणजे ठरलं. सुलेखा आणि अरुंधती रविवारी परत येतो म्हणून गेल्यात. आज बुधवार, घरात कोणी नाही, आणि माझी आंघोळ झालेली आहे.